ऑक्युलस

ऑक्युलस : आभासी वास्तवाचा अनुभव देणारे हेडसेट तयार करणारी पूर्वीची अमेरिकन कंपनी व त्या हेडसेटांचे पूर्वीचे व्यापारी नाव. डोळ्यांसमोरील पडदे, भिंगे आणि डोक्याच्या हालचाली टिपणारे संवेदक यांच्या साहाय्याने आपण खेळातील जगातच वावरत आहोत, असा भास वापरणाऱ्यास होतो. तंत्रविद्येतील कामगिरीइतकेच, विकत घेतलेल्या यंत्रावर अखेर हक्क कोणाचा, या वादामुळेही हे नाव लक्षणीय ठरले आहे.

पामर लकी या तरुण तंत्रज्ञाने काही सहकाऱ्यांसह २०१२ साली कॅलिफोर्नियात ही कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रिफ्ट’ या हेडसेटसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या मंचावर २·५ लक्ष डॉलरचे आवाहन करण्यात आले, प्रत्यक्षात सु. ९,५०० व्यक्तींकडून सु. २४ लक्ष डॉलर जमले. या पद्धतीत वर्गणीदारास वस्तू किंवा भेट मिळते, भागभांडवल मिळत नाही. त्यामुळे ज्यांच्या पैशावर व उत्साहावर उद्योग उभा राहिला, त्यांना त्याच्या विक्रीविषयी मत देण्याचा अधिकार नव्हता व विक्रीच्या रकमेत वाटाही नव्हता.

२५ मार्च २०१४ रोजी फेसबुक कंपनीने ऑक्युलस सु. २०० कोटी डॉलरना (४० कोटी रोख व उर्वरित शेअररूपाने) घेत असल्याचे जाहीर केले. खेळाडूंमध्ये याची तीव्र प्रतिक्रिया उमटली. फेसबुकच्या २०१३ मधील महसुलाचा सु. ८९ टक्के भाग जाहिरातींचा होता (→ जाहिरात). साहजिकच, हेडसेट हेही जाहिराती दाखविण्याचे व वापरणाऱ्याची माहिती गोळा करण्याचे साधन बनेल, अशी भीती व्यक्त झाली. ‘माइनक्राफ्ट’ या खेळाचे निर्माते व ऑक्युलसचे वर्गणीदार मार्कुस पेर्सन यांनी आपला खेळ रिफ्टवर आणण्याची बोलणी तत्काळ थांबविली. रिफ्ट वापरण्यासाठी फेसबुकचे खाते लागणार नाही, असे आश्वासन लकी यांनी त्या वेळी दिले. ‘माइनक्राफ्ट’ पुढे मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा झाला व २०१६ साली रिफ्टवर आला. त्याच वर्षी रिफ्ट ५९९ डॉलरना विक्रीस आला, तेव्हा सुरुवातीचा संच घेतलेल्या वर्गणीदारांना तो विनामूल्य देण्यात आला. लकी यांनी २०१७ मध्ये कंपनी सोडली.

नव्या वापरकर्त्यांना ऑक्टोबर २०२० पासून फेसबुकचे खाते अनिवार्य करण्यात आले. याच सुमारास आलेल्या ‘क्वेस्ट २’ ची किंमत २९९ डॉलर होती व त्यास वेगळा संगणक लागत नसे. कमी किंमतीमुळे त्यास मोठा ग्राहकवर्ग लाभला; तथापि खाते निलंबित झाल्यास यंत्र व विकत घेतलेले खेळ दोन्ही निरुपयोगी होण्याचा धोका निर्माण झाला. जर्मनीत विक्री थांबविण्यात आली आणि खाते व यंत्र यांच्या सक्तीच्या जोडणीविरुद्ध तेथील स्पर्धा-नियामक कार्यालयाने डिसेंबर २०२० मध्ये कारवाई सुरू केली.

जून २०२१ मध्ये हेडसेटमध्ये जाहिराती दाखविण्याचा प्रयोग जाहीर झाला. त्यासाठी निवडलेला ‘ब्लास्टन’ हा स्टॉकहोम येथील रेझोल्यूशन गेम्स या कंपनीचा खेळ पैसे देऊन घ्यावा लागे. खेळाडूंनी प्रतिकूल अभिप्रायांचा भडिमार करताच निर्मात्यांनी काही दिवसांतच माघार घेतली. विकत घेतलेला खेळ अशा प्रयोगास योग्य नव्हे, हे त्यांनी मान्य केले.

या घटनांवरून खेळाडूंच्या विरोधाचे स्वरूप स्पष्ट होते. विनामूल्य खेळांतील जाहिराती किंवा मोटारशर्यतीच्या खेळात मैदानाभोवती दिसणारे फलक त्यांच्या परिचयाचे होते. आक्षेप होता तो एकाच वस्तूचे मोल दोनदा, आधी पैशाने व नंतर लक्ष आणि खाजगी माहिती देऊन, चुकविण्यास. विक्रीनंतर अटी बदलण्यासही त्यांचा तितकाच विरोध होता. हेडसेट डोक्याच्या व हातांच्या हालचाली आणि घरातील खोलीची रचना टिपत असल्याने हा प्रश्न अधिक नाजूक ठरतो.

फेसबुक कंपनीने २०२१ मध्ये ‘मेटा’ हे नाव धारण केले व ऑगस्ट २०२२ पासून फेसबुक-खात्याची सक्ती उठविली. त्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये जर्मनीतील विक्रीचा मार्ग मोकळा झाला. मात्र सक्ती उठली तरी त्याऐवजी मेटाचे स्वतंत्र खाते आवश्यक ठरले. यंत्र ग्राहकाच्या हाती आले, तरी ते चालविणारी आज्ञावली व तिच्या अटी उत्पादकाच्याच हाती राहिल्या.