विरळ हवेंतील वास्तव्य

आमच्या ताडकळसच्या परिसरांत वावरतांना श्वास घेणें हीहि एक क्रिया आहे, याचें स्मरण आम्हांस क्वचितच होतें. परंतु पृथ्वीवर अशीं कांहीं संशोधनस्थानें आहेत, कीं जेथें दहा पायऱ्या चढतांच धट्ट्याकट्ट्या मनुष्यासहि धाप लागते.

दक्षिण ध्रुवावरील अमेरिकेचें अमुंडसेन-स्कॉट केंद्र बर्फाच्या प्रचंड थरावर, २८३५ मीटर उंचीवर वसलेलें आहे. गोव्यांतील वास्को येथें आपल्या देशाची ध्रुवीय संशोधनसंस्था आहे. तिचे तत्कालीन संचालक रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखालीं भारताची शास्त्रीय तुकडी नोव्हेंबर २०१० मध्यें या ध्रुवावर पोहोंचली. पुढें २०१६ मध्यें याच संस्थेनें हिमालयांत, स्पितीच्या खोऱ्यांत, ४००० मीटरांहून अधिक उंचीवर 'हिमांश' नांवाचें ठाणें उभारिलें.

उंचावर प्राणवायूचें प्रमाण घटतें, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तें सर्वत्र शेंकडा २१ च असतें. घटतो तो हवेचा दाब. ४००० मीटरांवर तो समुद्रकांठच्या दाबाच्या शेंकडा ६० इतकाच उरतो, आणि म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर प्राणवायु कमी मिळतो. ध्रुवावर यांत आणखी भर पडते. तेथील अतिशीत हवा आकसून खालीं बसते, त्यामुळें उंचीवरील दाब अधिकच उतरतो. शरीरास ती जागा ३००० मीटरांहून उंच भासते.

मग शरीर काय करतें? मोटेंत पाणी कमी भरूं लागलें, तर शेतकरी मोटा अधिक वेळां ओढतो. त्याचप्रमाणें प्रथम श्वास व नाडी जलद चालतात. जलद श्वासानें कर्बाम्ल वायु अधिक बाहेर जाऊन रक्ताची आम्लता घटते. तो तोल मूत्रपिंडें कांहीं दिवसांत सांवरतात. पुढें कांहीं आठवड्यांत रक्तांतील तांबड्या पेशी वाढतात. म्हणजे जणूं मोटांची संख्याच वाढते.

या कामास अवधि लागतो. म्हणून ३००० मीटरांच्या वर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरांहून अधिक वाढवूं नये व तीन-चार दिवसांनीं एक दिवस विसांवा घ्यावा, असा वैद्यांचा नियम आहे. ध्रुवावर मात्र समुद्रकांठाहून विमानानें कांहीं तासांतच जाणें होतें. तेथें पहिले दिवस विश्रांतींत घालवावे, पाणी पुरेसें प्यावें व मद्य वर्ज्य करावें.

डोकें दुखणें, मळमळणें, झोंप न येणें हीं प्रारंभींचीं लक्षणें होत. अशा वेळीं अधिक वर जाऊं नये. बसल्या जागीं धाप लागली, तोल जाऊं लागला किंवा बोलण्यांत भ्रम दिसला, तर फुप्फुसांत वा मेंदूंत पाणी सांचत असल्याचा संभव असतो. मग विलंब न करितां रोग्यास खालीं उतरविणें हाच मुख्य उपाय.

आपल्यांतील कित्येक तरुण सैन्यांत वा यात्रेनिमित्त हिमालयांत जातात. दुखणें लपविण्यास ते पुष्कळदां धैर्य समजतात. विद्यार्थिमित्रहो, हा विकार बळकट शरीरासहि सोडीत नाहीं. सोबत्यास वेळींच 'मला बरें वाटत नाहीं' असें सांगणें, हेंच तेथें खरें शहाणपण आहे.