रिमचा रंग आणि भुसावळचं ऊन

मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. साहजिकच, चंदेरी रिम काळ्या करायला निघालेला गाडीमालक विचारतो, ‘‘भाऊ, हे पावडर कोटिंग उन्हात वितळणार तर नाही?’’

नाही वितळणार. गनमधून विद्युतभार घेऊन निघालेली पावडर धातूला चिकटते, मग साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळून कायमची घट्ट होते. एकदा नीट भाजली की ती पुन्हा पातळ होत नाही. उन्हाळ्यात बिघडते ती न भाजलेली पावडर. तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिली तर तिच्या गाठी होतात आणि थर खडबडीत येतो. भाजलेल्या थराला त्रास होतो तो उन्हातल्या अतिनील किरणांचा. इपॉक्सी पावडर त्यांनी खडूसारखी पांढुरकी पडते, म्हणून रिमच्या वरच्या थराला बाहेरच्या वापराची पॉलिएस्टर पावडरच घ्यावी.

‘दोन हात जास्त मारा, मजबूत होईल’ हा समज मात्र जिवावर बेतू शकतो. साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा थर पुरतो. नट जिथे बसतात त्या जागा आणि हबला टेकणारा सपाट भाग तर कोराच हवा. भट्टीत टिकणारी टेप आणि बुचं लावून तो झाकतात. तिथे पावडर राहिली तर नट धातूवर न आवळता रंगावर आवळला जातो. गाडी धावू लागली की रंग दबतो आणि नट सैल पडतो. जळगावच्या महामार्गावर भर वेगात असं व्हायला नको. चाकं बसवल्यावर ८० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने नट पुन्हा तपासून घ्या.

आरटीओची काळजी नको. आरसीवर गाडीचा रंग नोंदतात, रिमचा नाही.

‘भट्टीत अलॉय मऊ पडतं’ हे अर्धसत्य आहे. अलॉयची ताकद उष्णताप्रक्रियेतून येते. वर सांगितलेल्या तापमानाला ठरलेली मिनिटं एकदा भाजल्याने सहसा बिघडत नाही. पण जुना रंग ३५०-४०० अंशांत जाळून काढला तर ती ताकद जाते. रसायनाने किंवा हलक्या ब्लास्टिंगने रंग उतरवणाऱ्याकडेच रिम द्या. आणि उघडा धातू रंग चढण्याआधी स्वतः बघून या. खड्ड्यात बसलेला तडा कोटिंगने सांधत नाही, फक्त झाकला जातो. तडकलेली रिम रंगवायची नसते, बदलायची असते.