गर्भपाताच्या गोळ्या आणि नंतरची सावधगिरी

हा विषय भर सभेत कशाला, असे काही श्रोत्यांना वाटेल. परंतु दुखणे अंगावर काढण्याची आपल्या घरांतील स्त्रियांना जी सवय लागली आहे, ती जिवावर बेतण्याच्या प्रसंगांपैकी हा एक आहे. म्हणून आम्ही तो मुद्दाम घेतला.

सन १९७१ च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी गर्भपात आपल्या देशात कायदेशीर झाला. आज नऊ आठवड्यांपर्यंतचा गर्भ डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी पाडता येतो. पहिली गोळी मिफेप्रिस्टोनची. गर्भ टिकवून धरणाऱ्या संप्रेरकाचे काम ती बंद पाडते. एक-दोन दिवसांनी घ्यावयाच्या मिसोप्रोस्टॉलने गर्भाशय आकुंचन पावते आणि गर्भ बाहेर पडतो. तेव्हा कळा येणे, पाळीपेक्षा जास्त अंगावरून जाणे, गाठी पडणे ही औषध लागू पडल्याचीच लक्षणे होत. त्या दिवशी हुडहुडी भरते, थोडा ताप येतो, जुलाबही होतात. पुढे दोन आठवडे, क्वचित महिनाभर, डाग दिसत राहतात.

मग भ्यावयाचे केव्हा? ‘जास्त’ म्हणजे किती, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याला घड्याळाचे माप आहे. एका तासात दोन मोठे पॅड पूर्ण भिजले व लागोपाठ दुसऱ्या तासातही तसेच झाले, तर तिसऱ्या तासाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. घेरी येत असेल तर तेवढेही थांबू नये. बहुधा काही अंश आत राहिलेला असतो. तो काढला की स्राव थांबतो. मिसोप्रोस्टॉल घेऊन चोवीस तास उलटल्यावरही १००.४ अंश किंवा त्याहून अधिक ताप असणे, स्रावाला दुर्गंधी येणे, ओटीपोट सतत दुखणे, ही जंतुसंसर्गाची चिन्हे. क्वचित ताप नसतानाही संसर्ग असतो. दुसऱ्या दिवशीही उलट्या होऊन अंग गळून गेले, तरी दाखवावे.

सर्वांत फसवा प्रकार निराळाच. गर्भ गर्भाशयात नसून नलिकेत रुजलेला असेल, तर या गोळ्यांचा त्यावर उपयोग होत नाही. अंगावरून थोडेच जाते किंवा मुळीच जात नाही, आणि घरची माणसे निर्धास्त राहतात. पुढे नलिका फुटून रक्त पोटात साचते. एका बाजूस तीव्र कळ, खांद्याच्या टोकाला दुखणे, मूर्च्छा, यांपैकी काहीही दिसले की एक मिनिटही दवडू नये. दुसऱ्या औषधानंतर चोवीस तासांत स्राव झालाच नाही, तरी डॉक्टरांना भेटावे; मनानेच आणखी गोळ्या घेऊ नयेत.

आणि बोभाटा होईल ही भीती? सन २०२१ च्या दुरुस्तीनुसार अशा स्त्रीचे नाव अनधिकृत माणसास सांगणाऱ्या डॉक्टरास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गोळ्या परस्पर दुकानातून आणल्या असल्या, तरी डॉक्टरांपुढे ते लपवू नये. उपचार त्यावरून ठरतात. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. जाताना गोळ्यांचे रिकामे पाकीट आणि त्या घेतल्याची वेळ लिहिलेला कागद बरोबर न्यावा.