४५ कोटी, २० खुर्च्या : मुंबई इंडियन्सची टीम मी बांधली असती तर...



मागच्या व्हिडिओत मी सहज बोलून गेलो, "ऑक्शन टेबलवर मी असतो तर दीपक चहर घेतला नसता." झालं! तेव्हापासून दुकानात येणारा प्रत्येक जण काजू-कोकम बाजूला ठेवून आधी यावरच वाद घालतोय. दहा मिनिटांच्या व्हिडिओत सगळं बसलं नव्हतं. म्हणून इथे नीट लिहितो.

मी २०१३ पासूनचा मुंबई इंडियन्सचा फॅन. मालवण बाजारात आमचं काजू, कोकम, आगळ, मसाल्याचं दुकान आहे. एप्रिल-मे हा आमचा सीझन आणि आयपीएलचाही. साडेसात वाजले की गल्ल्याशेजारी मोबाईल उभा राहतो. एक डोळा गिऱ्हाईकावर, एक बुमराहवर. त्यामुळे हा लेख फॅनचा आहे आणि दुकानदाराचाही. दोघांचं दुखणं एकच आहे : पैसे मोजके आणि जागा जास्त.

आधी जुनी चूक बघू : २०२२

२०२२ च्या मोठ्या ऑक्शनआधी मुंबईने रोहित, बुमराह, सूर्यकुमार आणि पोलार्ड हे चौघे ठेवले. बरोबरच होतं. पण ट्रॉफ्या जिंकून देणारी बाकीची फळी विस्कटली. हार्दिक गुजरातला, कृणाल आणि डी कॉक लखनौला, बोल्ट राजस्थानला गेला. मुंबईने १५.२५ कोटी इशान किशनवर लावले आणि ८ कोटी जोफ्रा आर्चरवर. आर्चर दुखापतीमुळे त्या वर्षी खेळणार नाही हे घेतानाच माहीत होतं. म्हणजे पुढच्या सीझनच्या मालासाठी या सीझनचं भांडवल अडकवलं.

निकाल तुम्हाला आठवतोय. पहिल्या सलग आठ मॅच हरलो, १४ पैकी ४ जिंकलो आणि तळाला, दहावे. त्याच वर्षी हार्दिकने गुजरातला कप जिंकून दिला.

हसू नका, मी पण हेच केलं होतं. एका वर्षी दिवाळीच्या गिफ्ट बॉक्ससाठी मोठ्या दाण्याच्या महाग काजूत निम्मं भांडवल घातलं. बॉक्स देखणे होते, फोटो काढून स्टेटसला टाकले. मे महिन्यात पर्यटक आले आणि मागायला लागले आगळाची बाटली, खाजे, शंभर-दीडशेचं मसाल्याचं पाकीट. तेच नव्हतं. उसने पैसे काढून माल भरेपर्यंत पावसाळा तोंडावर आला, किल्ल्याच्या होड्या बंद झाल्या. बाजार चार महिने झोपला आणि व्याज मात्र जागं राहिलं.

मग २०२५ चं ऑक्शन

एकूण पर्स १२० कोटी. मुंबईने पाच जण ठेवले : बुमराह १८ कोटी, सूर्या आणि हार्दिक प्रत्येकी १६.३५, रोहित १६.३०, तिलक वर्मा ८. हे झाले ७५ कोटी. उरले ४५. संघ जास्तीत जास्त २५ जणांचा, म्हणजे ४५ कोटींत २० खुर्च्या.

त्यातले १२.५० कोटी बोल्टवर आणि ९.२५ कोटी चहरवर गेले. बेरीज करा : २१.७५ कोटी. उरलेल्या पैशातला जवळजवळ निम्मा वाटा दोन माणसांवर, आणि दोघांचं मुख्य काम एकच, नवा बॉल स्विंग करणं. बोल्टबद्दल माझी तक्रार नाही. त्याने त्या हंगामात २२ विकेट काढल्या. पण एकाच कामाची दोन महाग मशीनं घेतली तर दुसरं काम उघडं पडतं. मुंबईचं उघडं पडलेलं काम होतं भारतीय स्पिनरचं.

आता माझा हिशोब ऐका. त्याच ऑक्शनमध्ये आपला जुना कृणाल पांड्या बंगळुरूने ५.७५ कोटींत नेला. डावखुरा स्पिन टाकतो, खाली येऊन बॅटिंग करतो आणि भारतीय असल्यामुळे चार विदेशी खेळाडूंच्या कोट्यात बसत नाही. फायनलमध्ये १७ रन देऊन २ विकेट काढणारा, मॅन ऑफ द मॅच ठरलेला माणूस कोण? तोच. चहरच्या पैशात कृणाल आला असता आणि वर साडेतीन कोटी उरले असते. हां, आपण बोली लावली असती तर भाव चढला असता, हे मान्य. पण ९.२५ पर्यंत चढायला जागा होती ना!

माझे चार नियम

१. माणूस नाही, काम विकत घ्या. कागदावर आधी अकरा कामं लिहा. नवा बॉल, मधल्या ओव्हर, शेवटच्या ओव्हर, कीपिंग, फिनिशिंग. मग त्यापुढे नावं. दुकानातही तसंच. "एक हुशार पोरगा ठेवायचाय" ही भरती नाही. "सकाळी पार्सल पॅक करून कुरियरला देणारा हवाय" ही भरती.

२. स्वस्तातला शोध बंद करू नका. मुंबईची खरी श्रीमंती इथे आहे. हार्दिकला २०१५ मध्ये १० लाखांत घेतलं होतं. पीयूष चावला ५० लाखांत आला आणि २०२३ मध्ये २२ विकेट घेऊन गेला. २०२५ मध्ये अश्वनी कुमारने ३० लाखांच्या किमतीत पहिल्याच मॅचमध्ये कोलकात्याचे चार जण काढले. केरळच्या सीनियर संघातून एकही मॅच न खेळलेल्या विघ्नेश पुथुरने चेन्नईविरुद्ध पहिल्याच मॅचमध्ये तीन विकेट घेतल्या. असे खेळाडू ऑक्शनच्या दिवशी सापडत नाहीत. वर्षभर कोणीतरी मैदानाच्या कडेला बसून बघत असतं, म्हणून सापडतात.

३. बॅकअप कागदावर नको, हातात हवा. २०२५ ला पाचपैकी चार मॅच हरून मुंबईने पुढे सलग सहा जिंकल्या, प्लेऑफला पोचली. पण ऐन वेळी रिकल्टन, जॅक्स आणि बॉश आपापल्या देशाकडून खेळायला निघून गेले. बेअरस्टो वगैरे बदली आणले. बेअरस्टो एलिमिनेटरमध्ये चाललाही. पण क्वालिफायर-२ मध्ये २०३ करूनही पंजाबकडून हरलो. यंदा डी कॉक १ कोटीत परत आणलाय, म्हणजे कीपर-ओपनर दोन झाले. ट्रेडमध्ये शार्दूल ठाकूर, रदरफोर्ड आणि लेगस्पिनर मयंक मार्कंडे आले. शेवटच्या ऑक्शनला हातात फक्त २.७५ कोटी होते, त्या मानाने हे काम मला आवडलं. माझी टीम असेल तर डी कॉक आणि रिकल्टनपैकी एकच खेळेल. दुसरी विदेशी जागा सँटनरला, तिसरी बोल्टला, आणि चौथी मैदान बघून जॅक्स किंवा रदरफोर्डला.

४. वारस आत्ताच उभा करा. रोहित एप्रिलअखेर ३९ पूर्ण करेल. सूर्या ३५, बोल्ट ३६. तिघं एकदम थांबले तर? तिलक २३ वर्षांचा आहे, त्याला आत्तापासून निर्णयात घ्या. विदर्भाचा दानिश मालेवार ३० लाखांत घेतलाय. रणजी फायनलमध्ये १५३ काढणारं पोर आहे. त्याला नुसतं बाकावर बसवू नका, रोहितच्या शेजारी बसवा.

आणि आता जे व्हिडिओत बोललो नव्हतो

वारस उभा करायचा, पण कसा? २०२४ च्या आधी रोहितला बाजूला करून हार्दिक कॅप्टन झाला. पुढे वानखेडेवर आपल्याच लोकांनी आपल्याच कॅप्टनची हुर्यो उडवली. संघ पुन्हा दहावा. आणि लगेच जूनमध्ये हेच दोघं भारतासाठी टी-२० वर्ल्डकप जिंकले, रोहित कॅप्टन, शेवटची ओव्हर हार्दिकची. माणसं तीच होती. कमी काय पडलं असेल? मला वाटतं, बदल कसा केला आणि कसा सांगितला, ते.

हे मी एवढ्या खात्रीने बोलतो कारण मी स्वतः ते केलंय. बीबीए करून दुकान हातात घेतलं तेव्हा बाबांच्या काळापासून काउंटरवर असलेले तात्या होते. मी बिलिंग सॉफ्टवेअर आणलं, दोन नवीन पोरं ठेवली आणि एका सोमवारी तात्यांना गोडाऊनला बसवलं. विचारलं नाही, नुसतं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. महिन्याभराने चावी ठेवून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "माका आदी सांगला असतंस तर बरा झाला असता."

नंतर कळलं की कोकम कोणाच्या घरचं चांगलं, उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं, तात्यांच्या डोक्यात होतं. मी दोनदा घरी गेलो, माफी मागितली. आता ते आठवड्यातून दोन दिवस येतात, काउंटरच्या बाजूला खुर्ची टाकून बसतात, आणि नवीन पोरगा त्यांच्याकडून माल ओळखायला शिकतो. तेव्हा ही खुर्ची पहिल्याच दिवशी टाकता आली असती. खर्च शून्य होता.

तुमचा गृहपाठ

एक कागद घ्या. वर तुमची "पर्स" लिहा, म्हणजे या सीझनला हातात असलेला खरा पैसा, उसना नाही. खाली दुकानातली कामं लिहा आणि प्रत्येकापुढे आजचा माणूस आणि तो उद्या आला नाही तर कोण, ही दोन नावं. जिथे दुसरं नाव सुचत नाही तिथे गोल करा. तुमचं ऑक्शन त्या गोलापासून सुरू होतं.

आणि कोणाची जागा बदलायची असेल, तर आधी त्याच्यासोबत चहा घ्या. मग जागा बदला.

हंगाम सुरू व्हायच्या आधी हे लिहितोय, त्यामुळे उद्या चहरने पहिल्याच मॅचला पाच विकेट घेतल्या तर दुकानात येऊन मला खुशाल ऐकवा. सोलकढी माझ्याकडून!

भेटू पुढच्या व्हिडिओत.