कॉम्प्युटर बदलला, बोटांचं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही. फक्त सुरक्षेचे नेहमीचे अपडेट यायचे थांबले. पण बारामती आणि इंदापूरच्या सेवा केंद्रांत, टायपिंग क्लासमध्ये, पतसंस्थांत आणि साखर कारखान्यांच्या गट ऑफिसांत जुने डेस्कटॉप काही कमी नाहीत. विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे २०१७ च्या आधीच्या बहुतेक मशीनवर ते रीतसर चढत नाही. मग नवीन मशीन घ्यायचं, नाहीतर जुन्यावरच उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकायचं. दुसऱ्या बाजूला बारामतीच्या विद्यानगरीत इंजिनिअरिंग करून हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत लागलेली पोरं. पहिल्याच दिवशी कंपनी हातात मॅकबुक ठेवते. दोन्हीकडून प्रश्न एकच येतो: “इतकी वर्षं हात बसलाय, आता परत पहिल्यापासून शिकायचं का?”

नाही. पण हे “नाही” सगळीकडे सारखं लागू होत नाही, आणि गैरसमज नेमके तिथेच होतात.

“सिस्टीम बदलली की सगळे शॉर्टकट बदलतात”

विंडोजवरून उबुंटू किंवा मिंटवर जाणाऱ्याने ही भीती सोडून द्यावी. कॉपी, कट, पेस्ट, अनडू, सेव्ह, प्रिंट, शोध, सगळं सिलेक्ट करणं हे सारं कंट्रोल आणि त्याच अक्षरावर आहे. एका खिडकीतून दुसरीत जायला ऑल्ट-टॅब, खिडकी बंद करायला ऑल्ट-एफ४, फाइलचं नाव बदलायला एफ२. मशीन लॉक करायला मिंटमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एल, पण उबुंटूत विंडोजसारखंच, विंडोजच्या बटणासोबत एल. लिनक्सवाले त्या बटणाला सुपर म्हणतात. सेवा केंद्राचं काम तर बहुतेक ब्राउझरमध्येच चालतं. महाडीबीटीचं सरकारी पोर्टल असो की आपले सरकारचं, नवीन टॅबला कंट्रोल-टी, चुकून बंद झालेला टॅब परत आणायला कंट्रोल-शिफ्ट-टी, पत्त्याच्या पट्टीवर जायला कंट्रोल-एल. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हे दोन्हीकडे सारखंच आहे.

लिनक्सवर जाताना अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. अंगठा घेणारं बायोमेट्रिक यंत्र, डिजिटल सहीचा टोकन, जुना पासबुक प्रिंटर यांचे ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतात का, हे आधी विचारून घ्यावं. शॉर्टकटची काळजी करत बसणारे हे विचारायचं विसरतात आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना त्यांना ते कळतं.

“कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही ही विंडोजची देणगी”

गोष्ट विंडोजच्या आधीची आहे. कट-कॉपी-पेस्ट ही पद्धत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात बसवली. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले, आणि १९८३ चा लिसा व १९८४ चा मॅकिंटॉश यांच्यातून झेड, एक्स, सी, व्ही ही चार अक्षरं लोकांच्या हाती आली. सी कॉपीचा, एक्स काट मारल्यासारखा दिसणारा, आणि चारही बटणं खालच्या ओळीत डावीकडे शेजारी शेजारी, म्हणजे उजवा हात माउसवर ठेवून डाव्या हाताने काम उरकावं. विंडोजमध्ये सुरुवातीला आयबीएमच्या वळणाची रीत होती: कॉपीला कंट्रोल-इन्सर्ट, पेस्टला शिफ्ट-इन्सर्ट, कटला शिफ्ट-डिलीट. अक्षरांची रीत तिथे नंतर, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रुळली. जुनी रीतही अजून जिवंत आहे. विंडोजमध्ये शिफ्ट-इन्सर्ट दाबून बघा, पेस्ट होतं.

हा इतिहास इथे सांगण्याचं कारण असं की बोटांना जे विंडोजचं वाटतं त्यातलं बरंच कुणा एका कंपनीचं राहिलेलं नाही. म्हणून ते सिस्टीमबरोबर जातही नाही.

“मॅकवर काय, कंट्रोलच्या जागी कमांड दाबायचं, झालं”

हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच जास्त त्रास देतं. कमांड-सी, कमांड-व्ही, कमांड-एस, कमांड-पी, इथपर्यंत गाडी रुळावर चालते. पण कमांड स्पेसबारला चिकटून आहे. विंडोजवर कंट्रोल करंगळीने दाबायची सवय, इथे अंगठा वळवावा लागतो. पहिले काही दिवस चुका होतात त्या याच्याच. अक्षर बरोबर असतं, सोबतचं बटण चुकतं.

खरी गंमत फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकच्या फाइलींच्या खिडकीत. फाइल निवडून एंटर दाबलं की ती उघडत नाही, तिचं नाव बदलायला घेतं. उघडायला कमांड-ओ, नाहीतर कमांडसोबत खालचा बाण. फाइल हलवायची म्हणून कमांड-एक्स दाबलं तर काहीच होत नाही. मॅकमध्ये आधी कमांड-सीने कॉपी करायची आणि जिथे न्यायची तिथे कमांड-ऑप्शन-व्ही दाबायचं, तेव्हा ती जागेवरून हलते. आणि लॅपटॉपवर डिलीट लिहिलेलं बटण प्रत्यक्षात बॅकस्पेस आहे. पुढचं अक्षर खोडायला त्यासोबत एफएन दाबावं लागतं.

कमांड-टॅब प्रोग्राम बदलतं, खिडक्या नाही. वर्डच्या तीन फाइली उघड्या असतील तर त्यांच्यात फिरायला कमांडसोबत टॅबच्या वरचं बटण, पण ही जागा अमेरिकन मांडणीच्या की-बोर्डवरची. लाल गोळा दाबला की खिडकी जाते, प्रोग्राम बहुतेक वेळा मागे चालूच राहतो. तो खरा बंद करायला कमांड-क्यू. अडकलेला प्रोग्राम मारायला कंट्रोल-ऑल्ट-डिलीट शोधू नका, ऑप्शन-कमांड-एस्केप दाबा.

घरचा विंडोजचा की-बोर्ड मॅकला जोडला तर विंडोजचं बटण कमांड होतं आणि ऑल्टचं ऑप्शन. पण त्या की-बोर्डवर स्पेसबारच्या शेजारी ऑल्ट असतं, म्हणजे अंगठा नेमका चुकीच्या बटणावर पडतो. सिस्टीम सेटिंग्जमध्ये की-बोर्डखाली मॉडिफायर कीज असा भाग आहे, तिथे ही अदलाबदल करून घेता येते. तिथेच कंट्रोलला कमांड करूनही टाकता येतं, पण माझं मत विचाराल तर ते करू नये. उद्या दुसऱ्याच्या मॅकवर बसलात की पुन्हा आंधळी कोशिंबीर.

“विंडोज गेलं की मराठी टायपिंग गेलं”

आपल्याकडे सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज हाच. मराठी टायपिंग सिस्टीमवर अवलंबून नाही, ते तुम्ही कोणत्या मांडणीवर शिकलात त्यावर अवलंबून आहे.

भारतीय लिपींसाठी इनस्क्रिप्ट ही मांडणी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाण केली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ती विंडोजमध्ये आहे, उबुंटूत आहे, मॅकमध्येही आहे. विकत काही घ्यावं लागत नाही, फक्त सेटिंगमधून सुरू करायची. “बारामती” लिहायला वाय, ई, जे, ई, सी, एल, आर ही बटणं. “इंदापूर” लिहायला शिफ्ट-एफ, मग एक्स, ओ, ई, एच, टी, जे. तिन्ही सिस्टीमवर हीच, एका बटणाचा फरक नाही. “शेतकऱ्याचे नाव” लिहिताना अडणारा तो ऱ्य? शिफ्ट-जे, डी आणि तिरक्या रेघेचं बटण. मॅकमध्ये “देवनागरी” आणि “देवनागरी–क्वर्टी” अशी दोन नावं दिसतील. इनस्क्रिप्टसाठी पहिलं घ्या. भाषा बदलायला विंडोज-स्पेस, उबुंटूत सुपर-स्पेस, मॅकवर कंट्रोल-स्पेस. यात लक्षात ठेवण्यासारखं काय आहे, मला खरंच कळत नाही.

मात्र ज्यांचे हात टाइपरायटरवर किंवा रेमिंग्टन मांडणीवर बसलेत त्यांची अडचण खरी आहे. रेमिंग्टनमध्ये डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने टाइप करतात. “किती” लिहिताना पहिली वेलांटी आधी येते, मग क. इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराचा क्रम, आधी क, मग वेलांटी. रेमिंग्टनमध्ये अर्ध्या अक्षरांना वेगळी बटणं, इनस्क्रिप्टमध्ये डीवरचा पायमोड देऊन जोडाक्षर बनवायचं. हा बदल शॉर्टकट बदलण्यापेक्षा कितीतरी जड आहे, त्याला सराव लागतो. पण विंडोजवर राहूनही तुम्ही इनस्क्रिप्टकडे वळलात तर नेमकं हेच करावं लागेल. दोष लिनक्सवर टाकण्यात अर्थ नाही.

याचाच जुळा भाऊ म्हणजे “पेस्ट केलं की अक्षरं मोडतात, कॉपी-पेस्ट बिघडलंय.” श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतोच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक असतात, फॉन्ट त्यांच्यावर देवनागरी चेहरा चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर मजकूर गेला की चेहरा उतरतो. कंट्रोल-व्हीने आपलं काम चोख केलेलं असतं. असा मजकूर आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा, मग तो कुठेही न्या. नवीन सिस्टीमवर जाण्याआधी जुन्या फाइली तपासायच्या त्या यासाठी.

आणखी एक शंका वरचेवर येते: मराठी की-बोर्ड चालू असताना शॉर्टकट चालतात का? विंडोजमध्ये चालतात. इनस्क्रिप्टमध्ये सीच्या बटणावर म आहे आणि व्हीच्या बटणावर न, पण कंट्रोलसोबत म दाबलं तरी कॉपी होतं आणि न दाबलं तरी पेस्ट. त्यासाठी इंग्रजीवर जाऊन परत मराठीवर यायचा द्राविडी प्राणायाम बरेच जण उगाच करतात. लिनक्सवर इंग्रजी आणि मराठी दोन्ही मांडण्या जोडून ठेवा. एकटी मराठी ठेवली तर काही प्रोग्राममध्ये शॉर्टकट रुसतात.

“कंट्रोल-सी म्हणजे कॉपी, कुठेही”

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, नाही. तिथे कंट्रोल-सी दाबलं की चालू असलेलं काम थांबतं. बॅकअप अर्ध्यावर असताना कुणी मजकूर कॉपी करायला जावं आणि बॅकअपच तुटावा, असं होऊ शकतं. टर्मिनलमधून कॉपीला कंट्रोल-शिफ्ट-सी, पेस्टला कंट्रोल-शिफ्ट-व्ही. मॅकवर हा घोळ नाही, कारण तिथे कॉपी कमांडवर आहे आणि थांबवणं कंट्रोलवर.

“यादी छापून भिंतीवर लावली की शॉर्टकट येतात”

भिंतीवरची यादी कुणी वाचत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वर्डचे अनुभवी वापरकर्तेसुद्धा बहुतेक वेळा टूलबारवरच्या चित्रांवरच क्लिक करताना आढळले. म्हणजे नुसती वर्षं घालवून शॉर्टकट अंगवळणी पडत नाहीत. मॅकच्या मेन्यूत आणि लिब्रेऑफिससारख्या प्रोग्राममध्ये बऱ्याच कामांसमोर त्यांचा शॉर्टकट छापलेला असतो. माउसने तिथे जाल तेव्हा नजर उजवीकडे टाका आणि जे काम दिवसातून दहा वेळा करता तेवढ्याचाच उचला. वर्षातून एकदा लागणाऱ्या कामाला माउस काय वाईट आहे?

टायपिंगच्या परीक्षेला बसणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या जीसीसी-टीबीसीची तयारी चालू असेल तर घरच्या मशीनवर काहीही टाका, पण सरावाची मांडणी आणि सॉफ्टवेअर क्लासमध्ये आहे तेच ठेवा. मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग येत असताना मध्येच रेमिंग्टनवरून इनस्क्रिप्टवर उडी मारली तर वेग पडणार, आणि परीक्षा त्याच महिन्यात असेल तर तो परत चढायला वेळ मिळणार नाही. निकाल लागू द्या, मग बदला.