पीडितेचं वय कोर्टात कसं सिद्ध होतं?

२०१२च्या पोक्सो कायद्यानुसार १८ वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती म्हणजे बालक. बालकाची संमती कायदा मोजतच नाही. म्हणून ‘ती स्वखुशीने आली होती’ असा बचाव असेल, तर अपिलातला सगळा वाद घटनेच्या दिवशीच्या वयावर येतो. ते सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची.

आधी वयाच्या पुराव्यांचा क्रम समजून घेऊ. तो बाल न्याय कायदा, २०१५च्या कलम ९४मध्ये आहे. वय ठरवायची बाल न्याय नियमांतली पद्धत पीडितेसाठीही वापरावी, असं सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच, २०१३मध्ये, तेव्हाच्या नियमांबाबत जर्नेल सिंग खटल्यात सांगितलं होतं.

पहिली पायरी : शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं दहावीचं प्रमाणपत्र.

दुसरी पायरी : ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला.

तिसरी पायरी : यातलं काहीच नसेल, तरच हाडांची चाचणी, म्हणजे एक्स-रेवरून वयाचा अंदाज. त्यात दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात. अहवाल १७ ते १९ म्हणत असेल, तर संशयाचा फायदा आरोपीला मिळू शकतो.

गाडी अडते ती बहुतेकदा पहिल्याच पायरीवर. पोलीस शाळा सोडल्याचा दाखला जोडतात, त्याला निशाणी क्रमांक पडतो आणि काम झालं असं वाटतं. उलटतपासणीत मात्र मुख्याध्यापकांना विचारलं जातं, ‘जनरल रजिस्टरमधली ही तारीख कुणी सांगितली? कशावरून लिहिली?’ आपल्याकडे प्रवेशाच्या सोयीसाठी सर्रास १ जून लिहिली जायची. आधार सांगता आला नाही, तर नोंदीचं वजन घटतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या युवाप्रकाश निकालात शाळा बदलल्याचा दाखला आणि प्रवेश नोंदवहीचा उतारा कलम ९४साठी पुरेसे ठरले नाहीत.

आता अपील. शिक्षेविरुद्धच्या अपिलात उच्च न्यायालय सगळा पुरावा नव्याने तपासतं. निर्दोष सुटकेविरुद्धच्या अपिलात हात आखडता असतो : पुराव्यातून दोन निष्कर्ष निघत असतील, तर सहसा सुटका कायम राहते. राहिलेला जन्मदाखला अपिलात मागाहून देता येतो. पण न्यायालयाला तो आवश्यक वाटला तरच.

आणखी एक गैरसमज. वय सिद्ध झालं नाही, तर पोक्सोची कलमं गळतात; जबरदस्तीचा आरोप आपोआप गळत नाही. पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल, तर बलात्काराची शिक्षा टिकू शकते.

म्हणून आपल्या घरातली फिर्याद असेल, तर तपास चालू असतानाच जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत तपास अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या.