यंत्रावरचं भरतकाम (भाग १४) : फाटका झेंडा

टिकलीकामाचं कबूल केलं होतं, ते आणखी आठवडाभर राहू द्या. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावहून एका ताईंचा निरोप आलाय आणि तो डोक्यातून जाता जात नाही. ताई घरीच एका सुईचं कॉम्प्युटर मशीन चालवतात. गावातल्या पोरांना शिवजयंतीसाठी काळे टी-शर्ट हवेत. छातीवर भगवा, पण वाऱ्यापावसात झिजलेला, फाटका. त्यातल्याच एकाला २६ जानेवारीसाठी तसाच तिरंगाही हवाय. ताईंनी भगवा भरून पाहिला. कळवतात, 'झेंडा फाटलेला वाटतच नाही, टी-शर्टला कसर लागल्यासारखं दिसतं.'

तिरंग्याचं आधी उरकतो. तो घेऊ नका. १९७१ च्या राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियमाप्रमाणे उशी, हातरुमाल, अंतर्वस्त्रं आणि पोशाखाचं कुठलंही कापड यांवर राष्ट्रध्वज भरायला किंवा छापायला मनाई आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्यात २००२ ची ध्वजसंहिता फाटका ध्वज लावूच देत नाही. गंमत बघा, ध्वजावरचं अशोकचक्र मात्र छापा नाहीतर भरा, अशी मुभा तीच संहिता देते. अट एकच, चक्र दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसलं पाहिजे. आणि डिसेंबर २०२१ पासून यंत्रावर केलेला तिरंगाही चालतो. २४ आरे उलटसुलट सारखे उतरवायचे आणि बॉबिनची बाजू लपवायला जागाच नाही! हे कधीतरी करून बघायचंय.

आता भगवा. टी-शर्टवर फाटका झेंडा ही अमेरिकेची आवड. तिथला सगळ्यात प्रसिद्ध फाटका झेंडा वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे, १८१४ सालच्या लढाईत फोर्ट मॅकहेन्री या किल्ल्यावर फडकलेला. मूळ माप ३० फूट बाय ४२, आज लांबी उरलीय ३४. कमी झालेले आठ फूट तोफांनी नेले असं कुणालाही वाटेल. नेले ते बहुतेक कात्रीनं! आठवण म्हणून तुकडे कापून लोकांना दिले गेले, त्यात एक अख्खी चांदणी गेली. मला हा किस्सा फार आवडतो, कारण पंचिंग करताना, म्हणजे सॉफ्टवेअरवर टाके आखताना, आपणही हातात कात्री घेऊनच बसलेले असतो. कुठे फाडायचं ते आपण ठरवायचं.

ताईंची चूक इथेच झाली. त्यांनी भोकं झेंडाभर पेरली. शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाई करत कळंबकडे जाते, म्हणजे ताईंच्या भागातूनच. त्या दिंडीतल्या एखाद्या जुन्या पताकेकडे नीट बघा. काठीजवळचं कापड शाबूत असतं. वाऱ्याचे फटके खातात ती मोकळी टोकं. आधी तिथले धागे सुटतात, मग चिरा काठीकडे सरकत येतात. तेव्हा काठीकडचा तिसरा हिस्सा अगदी भरीव ठेवा, त्याला सॅटिनची कडही द्या. मोकळ्या बाजूला कड अजिबात नको. टाक्यांच्या ओळी तिथे लांबआखूड संपू द्या.

काळं कापड भरलेल्या भागात वैरी असतं आणि फाटलेल्या भागात फुकटचा दोरा. वैऱ्यासाठी बरेच जण टाके दाट करतात. करू नका. होजिअरीचं कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं, सुईनं चिरतंसुद्धा. ४० नंबरच्या दोऱ्याला दोन ओळींत ०.४ मिलिमीटर अंतर पुरतं. त्याखाली त्याच केशरी दोऱ्याचा तिरपा, विरळ पायाटाका घाला, काळं डोकावत नाही. सुई गोल टोकाची, ७५/११. पाठीमागे कापून काढायचं काळं नॉन-वोव्हन अस्तर, आणि टी-शर्ट फ्रेममध्ये ताणायचा नाही.

चिरांची खोड मात्र वेगळी. टाका लांबीच्या दिशेनं कापड आखडतो आणि आडव्या बाजूला भरण पसरतं. म्हणून टाक्यांना छेदणारी चीर उमलते, टाक्यांना समांतर असलेली मिटते. पडद्यावर एक मिलिमीटरची समांतर चीर काढाल, तर कापडावर नुसता सुरकुतलेला टाका दिसेल. टाके उभे घेतले तर हा त्रास नाही. तरी मी आडवेच घेतो, कारण मोकळ्या कडेला ते सुटलेल्या धाग्यांसारखे दिसतात. मग चिरा सरळ दोन मिलिमीटरच्या काढतो, टोकाकडे आणखी रुंद.

माझा पहिला झेंडा कसा वाया गेला तेही सांगतो. चिरा छान पडल्या होत्या, पण पायाटाका सॉफ्टवेअरवर सोडला होता. त्यानं प्रत्येक चिरेतून केशरी शिडी बांधत नेली. झेंडा फाटलेला नव्हे, रफू केलेला दिसत होता. तेव्हापासून पायाटाका चिरेच्या काठापासून अर्धा मिलिमीटर आत घेतो आणि दोऱ्याचा प्रवास पुढे भरल्या जाणाऱ्या भागाखालूनच नेतो. बॉबिनलाही काळा दोरा. पांढरा असला की चिरेच्या काठावर खसखस सांडल्यासारखे ठिपके येतात.

ताई, पहिला नमुना पोरांच्या टी-शर्टवर नको, एखाद्या जुन्या काळ्या बनियनवर काढा. आणि झेंडा फाटका का, हे घरच्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा. देवळावरची पताका फाटली की गाव ती लगेच बदलतं, छातीवरची मुद्दाम फाडलेली बघून कुणीतरी विचारणारच.